मुद्राचित्रकाराची कारकीर्द (बेळगाव सीमाभाग)

मुद्राचित्र म्हणजे कलावंताने स्वतः घडवलेल्या ठशावरून कागदावर घेतलेली मूळ कलाकृती. ठसा धातूच्या प्लेटचा, लाकडाचा, लिनोलियमचा, दगडाचा किंवा ताणलेल्या पडद्याचा असतो. कॅलेंडरवरच्या चित्रामागे कुठेतरी एक रंगचित्र असते. मुद्राचित्रामागे तसे काही नसते. प्लेटवरून कागद उचलला जातो तेव्हाच चित्र जन्माला येते, म्हणून वीस प्रती निघाल्या तर वीसही मूळच. 1960 साली व्हिएन्नात भरलेल्या कलावंतांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने याचे संकेत घालून दिले: प्रत्येक प्रतीवर कलावंताची सही, एकूण आवृत्ती किती प्रतींची आणि ही प्रत कितवी हे लिहिलेले असावे, आवृत्ती संपली की ठसा रद्द करावा.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या मुद्राचित्रकाराच्या वाटचालीत दोन गोष्टी निर्णायक ठरतात. मोठा कॅनव्हास परदेशी धाडायचा तर लाकडी पेटी, विमा आणि वाहतूकदार आलाच. मुद्राचित्र दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून टपालाने जाते. त्यामुळे मुंबईच्या गॅलरीने अजून दार उघडलेले नाही, पण पोलंडच्या किंवा स्पेनच्या प्रदर्शनाच्या सूचीत नाव आहे, असे या माध्यमात सहज घडते. दुसरी गोष्ट अडचणीची. चित्रकाराला खोली आणि रंग पुरतात, मुद्राचित्रकाराला प्रेस लागते, आणि महाविद्यालय सुटले की तीही सुटते. बहुतेकांचे घोडे तिथेच पेंड खाते.

पूर्वपीठिका

धातूवर कोरण्याचे कौशल्य या भागाला परके नाही. खानापूर तालुक्यातल्या हलशीला कदंबांचे ताम्रपट सापडले आहेत. मात्र ते वाचण्यासाठी कोरलेले, छापण्यासाठी नव्हेत. कोरलेल्या रेषेत शाई भरून कागदावर उतरवण्याची कल्पना इथे फार उशिरा आली. घाट उतरला की लागणाऱ्या गोव्यात 1556 साली भारतातले पहिले छापखान्याचे यंत्र आले. पुण्याच्या चित्रशाळेने (1878) आणि राजा रविवर्म्याच्या मुंबईत 1894 साली सुरू झालेल्या छापखान्याने शिळाछापाची देवदेवतांची चित्रे घरोघरी पोहोचवली. तो व्यापारी छपाईचा इतिहास आहे. सही-क्रमांकाच्या मुद्राचित्राशी त्याचे नाते तंत्रापुरतेच.

बेळगाव शहराची चित्रपरंपरा आहे ती व्यक्तिचित्राची आणि निसर्गचित्राची. के. बी. कुलकर्णी यांच्या चित्रमंदिर या कलाशाळेत घडलेल्या रवी परांजपे (1935–2022) यांच्यासारख्या चित्रकारांनी ती बाहेर नेली. रेखाटनाचा पक्का पाया ही तिची देणगी, आणि एचिंगला (धातूच्या प्लेटवर आम्लाने रेष खोदून छापण्याला) नेमका तोच लागतो. मुद्राचित्रण मात्र इथल्या मुलांना बाहेर पडूनच शिकावे लागले: मुंबईचे जे. जे., बडोद्याची ललितकला विद्याशाखा, शांतिनिकेतन, बंगळूरची चित्रकला परिषद.

आंतरराष्ट्रीय कारकिर्दीचा भारतीय दाखला द्यायचा तर कृष्णा रेड्डी (1925–2018) यांचाच. शांतिनिकेतनात शिकून ते पॅरिसला स्टॅन्ली विल्यम हेटर यांनी 1927 साली स्थापलेल्या ‘अतेलिए 17’ या मुद्राचित्रणाच्या कार्यशाळेत गेले. एकाच प्लेटवरून एकाच दाबात अनेक रंग छापण्याच्या पद्धतीच्या घडणीत त्यांचा मोठा वाटा होता. प्लेटवर कमी-जास्त खोलीचे थर कोरायचे. कडक रोलरने पातळ, तेलकट शाई फक्त वरच्या थरावर लावायची, मग मऊ रोलरने घट्ट शाई खोल थरापर्यंत पोहोचवायची. घट्ट शाई पातळ शाईवर चिकटत नाही, म्हणून रंग एकमेकांत मिसळत नाहीत. तेलाचे प्रमाण थोडे जरी हुकले तरी सगळा चिखल होतो. उन्हाळ्यात शाई आपोआप पातळ होते, हे ध्यानात न घेणाऱ्यांचा हमखास होतो.

प्रेस

एचिंग प्रेस म्हणजे दोन रोलर आणि त्यांमधून सरकणारा सपाट बेड. ती तयार विकत घेणे महाग, पण बेळगावला उद्यमबाग ही औद्योगिक वसाहत आहे. ओतकाम आणि लेथकाम जिथे रोजचे आहे तिथे प्रेस बनवून घेणे अवघड नाही. अडचण येते ती कारागिराला काय सांगायचे ते न कळल्याने. रोलर दिसायला गुळगुळीत असून भागत नाही. त्याचा व्यास एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तंतोतंत सारखा हवा, नाहीतर प्रतीची एक बाजू काळी आणि दुसरी फिकी येते. पोकळ पाइपचा रोलर घेतला आणि त्याची जाडी कमी पडली, तर दाबाने तो मध्ये वाकतो आणि चित्राचा मधला भाग धूसर छापतो. बेडला वेल्डिंग करू नये. उष्णतेने तो पिळतो.

दाब तपासायला गेजची गरज नाही. वर्तमानपत्राच्या सारख्या पट्ट्या बेडवर डाव्या, मधल्या आणि उजव्या बाजूला ठेवायच्या, वरचा रोलर त्यांवर टेकवायचा आणि पट्ट्या ओढून पाहायच्या. तिन्ही सारख्याच अडल्या पाहिजेत. एखादी सहज सुटली तर त्या बाजूचा स्क्रू आवळायचा.

रोलर आणि कागद यांच्यामध्ये लोकरीचे फेल्ट लागतात, सहसा तीन. पैसे वाचवायला घोंगडी घालण्याचा मोह इकडे साहजिकच होतो. धनगरी घोंगडीचे सूत जाड आणि गाठाळ असते, तिची वीण ओल्या कागदावर जशीच्या तशी उठते. कुणाला ती मुद्दाम हवी असेल तर गोष्ट वेगळी. फेल्ट कागदातली खळ शोषून कडक होतात. कोमट पाण्यात धुऊन, न पिळता, सपाट वाळवावे लागतात.

प्लेटपासून प्रतीपर्यंत

जस्ताची प्लेट पूर्वी ब्लॉकमेकरकडे मिळे. ऑफसेट आल्यावर तो धंदा बसला. आता अनेकजण ऑफसेट छापखान्यातून वापरलेल्या ॲल्युमिनियम प्लेट रद्दीच्या भावात आणतात आणि त्यांच्या पाठीवर ड्रायपॉइंट करतात. सुईने ओरखडताना रेषेच्या कडेला धातूची जी कंगोरी उठते तीच शाई धरते आणि मखमली काळा देते. ॲल्युमिनियम मऊ असल्याने दहाएक प्रतींत ती दबून जाते. मोठी आवृत्ती काढायची असेल तर तांबे घ्यावे. रंगीत छपाईसाठीही तांबे बरे, कारण जस्तावर पिवळा रंग करडा पडतो.

एचिंगसाठी प्लेटच्या चारही कडा कानशीने 45 अंशांत तासाव्या लागतात. हे काम कंटाळवाणे, म्हणून टाळले जाते. मग कड कागद फाडते आणि पुढे फेल्टही कापते. त्यानंतर खडूची पूड आणि थोडा अमोनिया लावून प्लेट घासायची. पाणी ओतल्यावर ते थेंबाथेंबांनी न फुटता सलग पसरले की तेलकटपणा गेला. यावर जमीन, म्हणजे आम्ल अडवणारा थर, चढवायची: मेण दोन भाग, डांबर दोन भाग, राळ एक भाग. सुईने तिच्यावर रेखाटले की रेषेपुरता धातू उघडा पडतो आणि आम्ल तेवढाच खाते. बोटाचा तेलकट ठसा राहिला तर जमीन नेमकी तिथेच सुटते आणि आम्ल नको तिथे खाते.

जस्तासाठी नायट्रिक आम्ल नेहमीचे: एक भाग आम्ल, आठ ते दहा भाग पाणी, आणि आम्ल पाण्यात घालायचे, पाणी आम्लात कधीही नाही. रेषेत बुडबुडे साचतात; पिसाने ते हलकेच झाडत राहिले नाही तर रेष तुटक खाल्ली जाते. पिवळट तपकिरी धूर निघू लागला की द्रावण तीव्र किंवा गरम झाले आहे. प्लेट काढून खोलीबाहेर पडणे हाच उपाय.

घरात काम करणाऱ्याने नायट्रिकच्या वाटेला न जाता मोरचूद वापरावे. एक लिटर पाण्यात 75 ग्रॅम मोरचूद आणि 75 ग्रॅम मीठ. बोर्डो मिश्रणासाठी शेतीसेवा केंद्रात मिळते तेच हे, आणि जस्त व ॲल्युमिनियम दोन्हींवर चालते. यात धूर निघत नाही, पण लालसर तपकिरी तांब्याचा गाळ रेषांवर बसतो. तो झाडला नाही तर खोदकाम थांबते. ॲल्युमिनियमवर द्रावण फार लवकर तापते, म्हणून तिथे निम्म्या तीव्रतेने सुरुवात करावी. निळा रंग उडाला की द्रावण संपले. ते गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नये, माशांना मोरचूद मारक आहे. धुण्याचा सोडा घालून साका खाली बसू द्यावा आणि तो वेगळा काढावा.

छटांसाठी ॲक्वाटिंट: राळेची बारीक पूड प्लेटवर पडू द्यायची, साधारण अर्धा पृष्ठभाग झाकेपर्यंत, आणि खालून उष्णता द्यायची. पांढरी पूड पारदर्शक झाली त्या क्षणी आच बंद. आणखी तापवली तर कण वितळून एकमेकांत मिळतात, आम्लाला शिरायला जागाच उरत नाही आणि छटेऐवजी पांढरा डाग येतो. कमी तापवली तर कण आम्लात सुटून जातात. खरी प्लेट बुडवण्याआधी एका तुकड्यावर 10, 20, 40, 80 सेकंदांच्या पट्ट्या काढून पाहाव्यात, आणि हे दर ऋतूत नव्याने करावे. एप्रिलमधले 20 सेकंद आणि ऑगस्टमधले 20 सेकंद सारखे खात नाहीत. राळेची पूड छातीत जाते आणि पेटतेही, तेव्हा तोंडाला मास्क हवा आणि पूड उडत असताना शेगडी पेटलेली नको.

कागद सुती लगद्याचा, 250 ते 300 ग्रॅम वजनाचा. तो अर्धा ते एक तास भिजवून टिपकागदात दाबायचा. हाताला थंड लागावा, पण पृष्ठभागावर चकाकी दिसू नये. पाणी राहिले तर शाई झिडकारली जाते आणि काळ्यात पांढरे ठिपके पडतात. कोरडा राहिला तर तो बारीक रेषांत शिरतच नाही. शाई लावण्याआधी प्लेट कोमट करावी. वरची जादा शाई पुसायला खळ घातलेले जाळीदार कापड लागते. बुकबाइंडर पुस्तकाच्या पाठीला लावतात ते मल चालते. शेवटचा हात तळव्याचा, खडूची पूड लावून. किती पुसायचे हाच मुद्राचित्रकाराचा खरा हात, आणि वीस प्रतींत तो एकसारखा ठेवणे पहिल्या सुंदर प्रूफपेक्षा (चाचणी प्रतीपेक्षा) कितीतरी कठीण.

जून ते सप्टेंबर या भागात, विशेषतः खानापूरकडे, ओले कागद वाळत नाहीत. टिपकागद रोज बदलावेच लागतात. दोन दिवस तसेच राहिले तर खळीवर बुरशीचे तपकिरी ठिपके येतात आणि ते जात नाहीत. शहाणे लोक पावसाळ्यात प्लेट करतात आणि दिवाळीनंतर आवृत्ती छापतात. त्यात गणपतीच्या दिवसांत बहुतेक चित्रकार मंडपांच्या कामात अडकलेले असतातच.

आवृत्ती

प्रतीखाली पेन्सिलीने डावीकडे क्रमांक, मध्ये शीर्षक, उजवीकडे सही. 7/20 म्हणजे वीसपैकी सातवी. कलावंताच्या स्वतःच्या प्रती, साधारण दहा टक्के, ‘ए. पी.’ (आर्टिस्ट्स प्रूफ) म्हणून वेगळ्या. पेन्सिलच का? ती कागदात मुरत नाही आणि काळाबरोबर उडतही नाही.

इथे एक वाईट सवय रुजली आहे. भाड्याची किंवा उसनी प्रेस दोन दिवस मिळते, त्यात पाच प्रती निघतात, आणि त्यांवर 1/20 ते 5/20 लिहून टाकले जाते. उरलेल्या पंधरा पुढे कधीतरी. वर्षभराने पुन्हा छापताना शाई वेगळी, कागद वेगळा, हातही वेगळा. सूचीत छापलेली प्रत आणि ग्राहकाला मिळालेली प्रत जुळत नाही, आणि नाव जाते ते इथूनच. पाच छापल्या तर 5 चीच आवृत्ती करावी. वहीत प्रत्येक प्रतीचा हिशेब असावा: कुठे गेली, कधी, परत आली का. आवृत्ती संपली की प्लेटवर आडवी रेघ मारून त्या रद्द प्लेटची एक प्रत काढून ठेवतात.

परदेशी प्रदर्शने

स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियानाचे ग्राफिक द्वैवार्षिक प्रदर्शन 1955 पासून, पोलंडमधल्या क्राकोचे (आता त्रैवार्षिक) 1966 पासून चालू आहे. चीनमधल्या ग्वानलानचे 2007 साली सुरू झाले. भारतात भोपाळच्या भारत भवनाने 1989 साली मुद्राचित्रांचे आंतरराष्ट्रीय द्वैवार्षिक सुरू केले. प्रेस लहान असलेल्याला सर्वांत सोयीचे म्हणजे लघुमुद्राचित्रांचे प्रदर्शन. स्पेनमधल्या कादाकेसला ते 1981 पासून भरते आणि चित्राचा आकार 10 बाय 10 सेंटिमीटरपेक्षा मोठा चालत नाही. एवढी प्लेट घरगुती प्रेसवर आरामात निघते. लहान म्हणून सोपी समजू नये. वीतभर प्लेटवर खपून जाणारी चूक तिथे पहिल्यांदा दिसते.

निवड सहसा आधी छायाचित्रावरून होते. फ्रेमची काच आणि भिंतीची सावली येऊ न देता, ढगाळ उजेडात, पूर्ण कागद कडांसकट दिसेल असे छायाचित्र घ्यावे. बऱ्याच ठिकाणी गेल्या दोन-तीन वर्षांतलेच काम चालते. तंत्राचे नाव नेमके लिहावे: ‘एचिंग’ आणि ‘ॲक्वाटिंट’ दोन्ही असतील तर दोन्ही. संगणकावरून काढलेल्या प्रिंटला एचिंग म्हटलेले परीक्षक क्षणात ओळखतात, कारण प्लेटच्या कडेचा दबलेला ठसा तिथे नसतो.

पाठवताना प्रतीच्या मागे पेन्सिलीने नाव, शीर्षक, तंत्र, वर्ष आणि वरची बाजू दाखवणारा बाण. आम्लरहित कागदात गुंडाळून दोन पन्हळी पुठ्ठ्यांमध्ये ठेवायचे, एका पुठ्ठ्याच्या पन्हळी उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या, म्हणजे पार्सल कुठूनच वाकत नाही. मोठी प्रत नळीत घालावी लागली तर नळी रुंद हवी. अरुंद नळीत दाबाचा उठाव चेपतो. टपालाच्या सीमाशुल्क फॉर्मवर ‘मूळ मुद्राचित्रे, प्रदर्शनासाठी’ असे लिहावे. या वर्गाचा शीर्षक्रमांक 9702 आहे. विक्रीची मोठी किंमत टाकली तर तिकडे आयोजकाला कर भरावा लागू शकतो, आणि तो पार्सल सोडवायला जातोच असे नाही.

अनेक लघुप्रदर्शने कृती परत करत नाहीत, ती संग्रहात ठेवतात. नियमावलीत हे स्पष्ट लिहिलेले असते, पण वाचणारे थोडे. म्हणून आवृत्तीतल्या दोन-तीन प्रती अशा ठिकाणांसाठी आधीच बाजूला काढून वहीत तसे नोंदवतात. विक्रीची आवृत्ती उरते ती या प्रती वजा करून.