चवड्यांवर उभा राहून दाखव

मुलाचा तळपाय सपाट आहे असं कुणी बोललं, की नाशिकच्या घरात पहिला विषय निघतो तो भरतीचा. शेजारी देवळालीचा तोफखाना, शहरात भोसला मिलिटरी स्कूल. पोरगा सैन्यात, निदान पोलिसात जावा असं मनात धरलेले आईबाप इथे पुष्कळ. मग चार वर्षांच्या पोराची ओली पावलं फरशीवर उमटली आणि त्यात आतल्या बाजूची खोलगट जागा दिसली नाही, की आजोबांच्या कपाळाला आठ्या पडतात. कुणीतरी लगेच सुचवतं, कमानीचे खास बूट घ्या.

खरं तर त्या वयात बऱ्याच मुलांची कमान दिसतच नाही. बाळाच्या तळव्यात कमानीच्या जागी चरबीची गादी असते आणि सांधे धरून ठेवणारे अस्थिबंध सैल असतात. मूल उभं राहिलं की वजनाने पाऊल पसरतं. वाढत्या वयाबरोबर चरबी कमी होते, अस्थिबंध घट्ट होतात आणि साधारण सहा ते दहा वर्षांच्या दरम्यान कमान आकार घेते. काहींची ती कधीच फारशी वर येत नाही. तरीही ती माणसं आयुष्यभर चालतात, धावतात, गड चढतात.

मग काळजीचा पाय ओळखायचा कसा? मुलाला चवड्यांवर उभं करा आणि मागून बघा. टाच उचलताच कमान उमटली, टाच किंचित आत वळली, तर पाऊल लवचिक आहे. यामागे साधं यंत्र आहे. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्याखालून एक मजबूत पट्टा गेलेला असतो. अंगठा वर वाकला की तो ताणला जातो, टाच आणि चवडा जवळ ओढतो आणि मधला भाग वर उचलला जातो. लष्कराच्या वैद्यकीय निकषांतही हीच कसोटी आहे: चवड्यांवर उभं राहिल्यावर कमान परत दिसली, पाऊल लवचिक असलं, दुखत नसलं आणि उमेदवार नीट धावू शकत असला, तर सपाट तळव्यामुळे त्याला नाकारत नाहीत. आजोबांची निम्मी धास्ती इथेच संपावी.

चवड्यांवर उभं राहूनही कमान येत नसेल, पाऊल ताठ असेल, वयाच्या आठ-दहा वर्षांनंतर ते दुखायला लागलं असेल किंवा घोटा सारखा मुरगळत असेल, तर प्रकरण वेगळं. पावलातली दोन हाडं जन्मतःच एकमेकांना जोडलेली असू शकतात. अशा मुलाला अस्थिरोगतज्ज्ञाकडे न्यायलाच हवं.

खास बुटांबद्दल मात्र माझं मत स्पष्ट आहे: न दुखणाऱ्या लवचिक पायासाठी त्यावर पैसे घालू नयेत. 1989 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात सपाट पायाच्या लहान मुलांचे गट करून काहींना दुरुस्तीचे बूट, काहींना साच्यातून घडवलेले आधार दिले आणि काहींना काहीच दिलं नाही. तीन वर्षांनी सगळ्याच गटांची कमान सुधारली होती, गटागटांत फरक नव्हता. पाय दुखत असेल तर बुटातला मऊ आधार वेदना कमी करतो. कमान तो घडवत नाही.

उलट बाजूचा पुरावा तर आपल्याच देशातला आहे. राव आणि जोसेफ या कर्नाटकातल्या डॉक्टरांनी 4 ते 13 वयाच्या 2300 मुलांच्या पावलांचे ठसे तपासले आणि 1992 मध्ये निष्कर्ष छापले. बूट-चपला वापरणाऱ्या मुलांत सपाट पाय 8.6 टक्के, अनवाणी वाढलेल्यांत 2.8 टक्के. पुढून बंद बूट घालणाऱ्यांत प्रमाण सर्वांत जास्त. सँडल, चपलावाल्यांत त्याहून कमी. अशा पाहणीवरून बुटांनीच पाय सपाट होतात असं सिद्ध होत नाही, पण लहानपणीच पाय बंद बुटात कोंडू नये एवढं तर कळतं. आपल्या जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत लहानपणी अनवाणीच धावायची, आणि 2010 च्या आशियाई स्पर्धेत तिने दहा हजार मीटरमध्ये रौप्यपदक आणलं. पण म्हणून एप्रिलच्या डांबरावर कुणी पोराला अनवाणी सोडू नये. घरात, गवतावर, अंगणातल्या मातीत सोडावं.

गुडघ्यांची गंमत याहून मोठी. चालायला लागलेल्या बाळाचे पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले असतात आणि दोष मालिशवालीला किंवा लंगोटाला लागतो. दोन वर्षांच्या आसपास ते सरळ होतात. मग तीन-चार वर्षांचं असताना तेच मूल गुडघ्याला गुडघा घासत चालतं आणि सहा-सात वर्षांपर्यंत पुन्हा बरंचसं जाग्यावर येतं. फिनलंडच्या दोन डॉक्टरांनी 1975 मध्ये हजाराहून अधिक मुलांची मापं घेऊन हा क्रम दाखवून दिला. क्रम मोडला तर मात्र विचारावं: दोन वर्षांनंतरही बाक वाढतोय, एकाच पायात आहे, किंवा मनगटं रुंद झाली आहेत. हे मुडदूस, म्हणजे ड जीवनसत्त्वाअभावी हाडं मऊ पडण्याचा आजार, असू शकतं. नाशकात उन्हाला तोटा नाही, तरी इमारतीतून शाळेत, शाळेतून शिकवणीला जाणाऱ्या मुलांना ड जीवनसत्त्व कमी पडतं. त्यावर औषध आहे आणि ते डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेतच द्यायचं.

पावलं आत वळवून चालणंही बहुधा वयाचंच. कधी नडगीचं हाड आत वळलेलं असतं, कधी मांडीचं. मांडीच्या हाडाचा जन्मावेळचा पीळ तीस-चाळीस अंशांचा असतो, मोठेपणी तो पंधराच्या आसपास उतरतो. पट्टे, तारा, उलटे बूट यांनी तो लवकर उतरत नाही.

पांगुळगाडा ही मात्र हुशार वस्तू. मूल स्वतःच्या पायावर उभं राहून तो ढकलतं. हल्ली त्याच्या जागी चाकांवरची खुर्ची आली आहे, बाळाला आत बसवून सोडून द्यायची. तिने मूल लवकर चालत नाही, जिन्यावरून गडगडायची भीती मात्र असते. कॅनडाने 2004 मध्ये या वॉकरवर बंदीच घातली.

पाश्चात्त्य देशांत फक्त पावलांचं बघणारे पोडियाट्रिस्ट असतात. आपल्याकडे ते क्वचितच दिसतात. मुलांच्या पायांचं काम बालरोगतज्ज्ञ, अस्थिरोगतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट मिळून करतात. क्रिकेटच्या कोचिंगला जाणारा दहा वर्षांचा मुलगा संध्याकाळी टाच धरून बसला, तर ती बहुतेकदा टाचेच्या हाडाच्या वाढीच्या जागेला आलेली सूज असते. थोडी विश्रांती, टाचेखाली गादी, पोटऱ्यांचे ताण देणारे व्यायाम एवढ्यावर भागतं. वाढ पूर्ण झाली की ते दुखणं जातंच.

थांबून चालत नाही अशा गोष्टी थोड्याच आहेत. तीन वर्षांनंतरही मूल सतत चवड्यांवरच चालत असेल. जमिनीवरून उठताना हात मांड्यांवर टेकत टेकत स्वतःला वर ढकलत असेल. दुखण्याने रोज रात्री एकाच पायाशी रडत असेल. किंवा लंगडत असेल. तापासोबत लंगडत असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. चालायला लागल्यापासून लंगडणाऱ्या बाळाचा खुबा निखळलेला असू शकतो, आणि ते जितक्या लवकर सापडेल तितका उपचार सोपा. तान्ह्या बाळाचे पाय सरळ ताणून घट्ट गुंडाळल्याने हा धोका वाढतो. कडेवर, पाय फाकवून घ्यायची आपली पद्धत खुब्याला मानवते.

आणि जन्मतःच आत, खाली वळलेलं पाऊल, म्हणजे क्लबफूट. हजार बाळांमागे सुमारे एकाला ते असतं. मालिशने सुटेल म्हणून घरी थांबण्यात आठवडे जातात. स्पॅनिश वंशाचे डॉक्टर इग्नासिओ पोन्सेटी यांनी अमेरिकेत घडवलेल्या पद्धतीत दर आठवड्याला पाऊल हलक्या हाताने थोडं वळवून प्लास्टर बदलतात. साधारण पाच-सहा प्लास्टरांत ते सरळ होतं, बहुतेकांना टाचेमागची धोंडशीर (पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारा दोर) छोटा छेद देऊन सैल करावी लागते. खरी कसोटी त्यानंतर: पहिले तीन महिने जवळपास दिवसभर आणि मग चार वर्षांपर्यंत झोपेत, मधल्या दांडीला जोडलेले बूट. पाय सरळ दिसतोय, आता कशाला, म्हणून आईबाप ते सोडतात आणि पाऊल पुन्हा वळतं. सुरगाणा-पेठहून दर आठवड्याला नाशिक गाठणं म्हणजे बापाचा एक दिवसाचा रोज बुडतो, हेही खरं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात क्लबफूट, खुब्याचा दोष आणि मुडदूस तिन्ही येतात. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलं तपासतं आणि पुढचा उपचार मोफत असतो. पण नवजात बाळासाठी पथकाची वाट पाहू नये. आशाताईला सांगून पहिल्या महिन्यातच जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी घ्यावी.