पार्श्वभूमी: नाताळची गुणतालिका आणि हिवाळी सुट्टीचा घोळ

इंग्लंडच्या वरच्या फुटबॉल लीगमध्ये नाताळला तळाशी असलेला संघ खालच्या श्रेणीत जाणारच, असं दर डिसेंबरला ठासून सांगितलं जातं. 1992 मध्ये लीगची आजची रचना आली. त्यानंतर पहिले बारा हंगाम हा ठोकताळा एकदाही चुकला नाही. 2004-05 मध्ये वेस्ट ब्रॉमविचने तो मोडला, आणि पुढे संडरलंड, लेस्टर व वुल्व्हजही तळातून वर आले. नाताळला अव्वल असलेला संघच विजेता ठरणार, हे वरच्या टोकाचं भाकीत तर पहिल्यापासूनच डळमळीत. 1995-96 मध्ये न्यूकॅसल नाताळला दहा गुणांनी पुढे होता, जानेवारीत ही आघाडी बारावर गेली, आणि मे महिन्यात तोच संघ चार गुणांनी मागे पडून दुसरा आला. लिव्हरपूलच्या बाबतीत 2008-09, 2013-14 आणि 2018-19 अशा तीन हंगामांत हेच घडलं. मात्र यातल्या शेवटच्या हंगामात त्यांनी 97 गुण मिळवले होते आणि ते एकच सामना हरले होते. त्याला ‘हिवाळ्यात ढेपाळले’ म्हणणं हा निव्वळ आळशीपणा आहे.

जर्मनीत अर्धा हंगाम संपताना अव्वल असलेल्या संघाला शरद-विजेता म्हणतात. या बिरुदाला करंडक नसतो, तरी मान असतो. साधारण तीनपैकी दोन वेळा तोच संघ पुढे खरा विजेता ठरतो. 2018-19 मध्ये डॉर्टमुंड निम्म्या वाटेवर सहा गुणांनी पुढे होता आणि शेवटी दोन गुणांनी हुकला.

इंग्लंडमध्ये हिवाळा आणि वेळापत्रक यांचं भांडण जुनं आहे. 1962-63 च्या कडाक्यात मैदानं इतकी गोठली की एफए चषक स्पर्धेची तिसरी फेरी 5 जानेवारीला सुरू होऊन 11 मार्चला संपली. सामने होईनात आणि निकालांवर पैसे लावणाऱ्यांचे कूपन अडकून पडले. म्हणून जानेवारीच्या अखेरीस माजी खेळाडूंचा भरणा असलेली एक समिती बसवण्यात आली. न झालेल्या सामन्यांचा निकाल काय लागला असता, ते ही समिती ठरवू लागली. पहिल्याच बैठकीत तिने 38 सामने निकाली काढले. खेळ शून्य, अंदाज मात्र अधिकृत!

पुढच्या नाताळात याच्या उलट झालं. 26 डिसेंबर 1963 ला वरच्या श्रेणीतल्या दहा सामन्यांत 66 गोल झाले. इप्सविच फुलहॅमकडे 10-1 असा हरला आणि दोनच दिवसांनी आपल्या मैदानावर त्याच फुलहॅमला त्याने 4-2 ने हरवलं. नाताळच्या आठवड्यातल्या निकालांवरून कुणाचा ‘फॉर्म’ जोखू नये, यासाठी एवढा एक दाखला पुरेसा आहे.

2002-03 पासून खेळाडूंची खरेदी-विक्री उन्हाळा आणि जानेवारी या दोन मुदतींपुरती बांधली गेली. त्याआधी ती मार्चअखेरपर्यंत चालू असे. या बदलाची चर्चा पैशांपुरतीच झाली. खरा फरक असा पडला की प्रशिक्षकाचं प्रगतिपुस्तक मे महिन्याऐवजी डिसेंबरात निघू लागलं. नवा माणूस आणायचा तर जानेवारीची खरेदी त्याच्या हाती लागायला हवी, म्हणून जुन्याला नाताळाच्या आसपासच नारळ दिला जातो.

सगळ्यात जास्त घोळ झाला तो सुट्टीचा. युरोपातल्या बहुतेक मोठ्या लीगमध्ये हिवाळी विश्रांती होती. जर्मनीने 2009-10 पासून ती कमी केली, पण बंद केली नाही. इंग्लंडमध्ये मात्र याच दिवसांत सामने दाटीवाटीने खेळवले जात. 15 देशांतल्या 56 संघांच्या सात हंगामांच्या अभ्यासात असं दिसलं की सुट्टी नसलेल्या संघांचे दुखापतींपायी हंगामाला सरासरी 303 दिवस जास्त वाया जातात आणि गंभीर दुखापती सुट्टीच्या काळानंतरच्या महिन्यांत वाढतात.

2018 मध्ये अखेर निर्णय झाला आणि फेब्रुवारी 2020 मध्ये पहिली सुट्टी आली. तीही कशी, तर एकच फेरी दोन आठवड्यांत विभागायची: काही सामने या शनिवार-रविवारी, उरलेले पुढच्या. म्हणजे प्रक्षेपणात खंड नाही! वर चषकाचे रिप्ले, म्हणजे बरोबरी झाल्यावर पुन्हा खेळवायचे सामने, तसेच ठेवलेले. लिव्हरपूलची श्रूसबरीशी 2-2 अशी बरोबरी झाली आणि रिप्लेची तारीख नेमकी सुट्टीत पडली. सुट्टीचा मान राखा, असं पत्र लीगनेच पाठवलं होतं, याकडे बोट दाखवत लिव्हरपूलच्या प्रशिक्षकांनी मुख्य संघ उतरवला नाही आणि स्वतःही मैदानावर आले नाहीत. सरासरी 19 वर्षं 102 दिवस वयाचा संघ खेळला आणि प्रतिस्पर्ध्याच्या स्वयंगोलवर 1-0 ने जिंकला. चषकाचा अपमान झाला म्हणून प्रशिक्षकांवर टीका झाली. एकाच आठवड्यात सुट्टी आणि सामना दोन्ही बसवणाऱ्यांना त्या मानाने कमीच ऐकावं लागलं.

पुढच्या हंगामात महासाथीमुळे सुट्टी नव्हती. 2022-23 मध्ये कतारचा विश्वचषक नोव्हेंबर-डिसेंबरात आल्याने ती पुन्हा गेली. पाच हंगामांत ती प्रत्यक्षात मिळाली तीनदा. एवढ्यावर तिचा फायदा-तोटा काय मोजणार? तरी एप्रिल 2024 मध्ये ती रद्द झाल्याचं जाहीर झालं. त्याच घोषणेत पहिल्या फेरीपासूनचे रिप्लेही गेले, आणि मोठ्या मैदानावरच्या रिप्लेच्या उत्पन्नावर आशा ठेवणारे छोटे क्लब खवळले. बदल्यात हंगाम ऑगस्टच्या मध्यावर सुरू करून उन्हाळी विश्रांती वाढवली, असं सांगण्यात आलं. पण त्याच उन्हाळ्यात आशिया आणि अमेरिकेचे दौरे करणारे मोठे क्लब ते आठवडे विश्रांतीलाच वापरतील, यावर विश्वास ठेवणं कठीण आहे.

2025-26 मध्ये 26 डिसेंबरला वरच्या श्रेणीचा एकच सामना ठेवण्यात आला. युरोपीय स्पर्धा वाढल्याने लीगला 33 च शनिवार-रविवार उरले होते. त्यांतल्या दोन मोठ्या स्पर्धांच्या साखळीतल्या शेवटच्या दोन फेऱ्या आता जानेवारीत खेळल्या जातात. म्हणजे 2023-24 मधली सुट्टी ज्या महिन्यात होती, तोही आता भरला.