आर्ची बंकर परिणाम

आर्ची बंकर परिणाम : लेखकाने दोष दाखवण्यासाठी उभे केलेले पात्र काही प्रेक्षकांना अनुकरणीय, निदान आपल्या बाजूचे वाटू लागणे, याला संज्ञापनशास्त्रात दिलेले नाव. खलनायकाचे काम करणारा नट लोकप्रिय होणे ही याहून निराळी गोष्ट होय. ‘रामायण’ मालिकेतील रावण, अरविंद त्रिवेदी, १९९१ मध्ये साबरकांठामधून लोकसभेवर निवडून गेले. पण तेथील मतदारांना रावणाचे वागणे पटले होते, असे काही त्यावरून ठरत नाही. या परिणामात प्रेक्षक नटाला नव्हे, तर पात्राच्या मतांना किंवा वर्तनाला मान देतो.

हे नाव ‘ऑल इन द फॅमिली’ (सीबीएस, १९७१–७९) या अमेरिकी मालिकेतील आर्ची बंकर या पात्रावरून पडले. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणारा, कारखान्यात मालाच्या चढउताराचे काम पाहणारा आर्ची कृष्णवर्णीय, ज्यू, स्त्रिया, स्थलांतरित अशा सगळ्यांविषयी तोंडाला येईल ते बोलतो आणि घरातच राहणाऱ्या उदारमतवादी जावयाशी, माइकशी, रोज वाद घालतो. कॅरल ओकॉनर यांनी ही भूमिका केली. वंशद्वेषाचे हसे व्हावे हा निर्माते नॉर्मन लिअर यांचा उद्देश होता. सीबीएसलाही धास्ती असावी. १२ जानेवारी १९७१ च्या पहिल्या भागाआधी वाहिनीने पूर्वग्रहांवर विनोदी प्रकाश टाकण्याचा हेतू सांगणारी सूचना दाखवली. त्याच वर्षी लेखिका लॉरा हॉब्सन यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये आक्षेप घेतला, की आर्चीला गोड करून दाखवल्याने द्वेषही गोड होतो. लिअर यांनी त्याच वृत्तपत्रातून उत्तर दिले. पुढे आर्चीची खुर्ची स्मिथसोनियन संग्रहालयात गेली.

प्रथमत्वाचा मान आर्चीला द्यावा का, हा प्रश्न उरतोच. ‘ऑल इन द फॅमिली’ ही बीबीसीच्या ‘टिल डेथ अस डू पार्ट’ या जॉनी स्पाइट लिखित मालिकेवर बेतलेली होती. तिचा नमुना-भाग १९६५ मध्ये व मालिका १९६६ पासून प्रसारित झाली. तिच्यातील आल्फ गार्नेट हा पूर्व लंडनचा तोंडाळ म्हातारा म्हणजे आर्चीचा मूळपुरुष. ती भूमिका करणारे वॉरन मिचेल स्वतः ज्यू होते. परकीयांना बरे झोडपता, असे कौतुक करणाऱ्या प्रेक्षकाला, आम्ही तर तुमच्यासारख्यांनाच झोडपत होतो, असे आपण सुनावल्याची त्यांची आठवण प्रसिद्ध आहे. म्हणजे ही घटना आर्चीच्या आधीचीच. तरी पद्धतशीर पाहणी आर्चीवर झाली, त्यामुळे नाव त्याचे राहिले, आणि ते बदलण्याचे सबळ कारण दिसत नाही.

ही पाहणी मानसशास्त्रज्ञ नील विडमार व मिल्टन रोकीच यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात अमेरिकेतील किशोरवयीन विद्यार्थी आणि कॅनडातील प्रौढ यांना प्रश्न विचारले होते. पूर्वग्रह अधिक असलेले व कमी असलेले, दोन्ही गट मालिकेची सारखीच मजा घेत होते. मात्र शेवटी जिंकतो कोण, या प्रश्नावर त्यांची वाट वेगळी झाली. पूर्वग्रह अधिक असलेल्यांना आर्ची जिंकतो असे वाटण्याचा आणि माइकपेक्षा तोच आवडण्याचा कल जास्त होता. लेखकांनी याला निवडक आकलन, म्हणजे आपल्या मताशी जुळेल तेवढेच पाहणे, म्हटले. ‘परिणाम’ ही जोड मात्र बहुधा १९८० च्या दशकात किंवा त्यानंतर, अरविंद सिंघल, एव्हरेट रॉजर्स आदी शिक्षण-रंजनाच्या (मनोरंजनातून लोकशिक्षणाच्या) अभ्यासकांच्या लेखनातून रूढ झाली.

भारतातील ठळक उदाहरण ‘हम लोग’ (दूरदर्शन, ७ जुलै १९८४–१७ डिसेंबर १९८५, १५६ भाग) या मालिकेचे. मनोहर श्याम जोशी यांनी ती लिहिली, पी. कुमार वासुदेव यांनी दिग्दर्शित केली. तिची प्रेरणा मेक्सिकोतील मिगेल साबिदो यांच्या बोधप्रद मालिका. हा प्रकार भारतात आणण्याचे श्रेय सामान्यतः नागपूरकर वसंत साठे यांना दिले जाते. माहिती व नभोवाणी मंत्री असताना मेक्सिकोत पाहिलेल्या मालिकेवरून त्यांना ही कल्पना सुचली, असे म्हणतात. दुसऱ्या मतानुसार खात्याचे सचिव एस. एस. गिल यांचा वाटा मोठा. साठे १९८२ मध्ये त्या खात्यातून बाहेर पडले व मालिका १९८४ मध्ये आली, हे पाहता बीज साठ्यांचे आणि तडीस नेणे गिल यांचे, असे मानणे सयुक्तिक वाटते.

साबिदो पद्धतीत पात्रे तीन प्रकारची असतात : अनुकरणीय, त्याज्य आणि दोहोंमध्ये हेलकावे खाऊन अखेर सुधारणारी. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांचा सामाजिक अध्ययनाचा, म्हणजे माणूस इतरांचे पाहून वागणे शिकतो असा, सिद्धांत तिच्या मुळाशी आहे. ‘हम लोग’मधील भागवंती, दारुड्या बसेसरची निमूट सोसणारी बायको, दुसऱ्या प्रकारची : स्त्रीने असे राहू नये हे दाखवण्यासाठी योजलेली. प्रत्येक भागाअखेर अशोक कुमार येऊन मथितार्थही समजावत. तरीही अनेक प्रेक्षकांना, त्यांत पुष्कळ स्त्रियांना, भागवंती आदर्श गृहिणी वाटली. सिंघल व रॉजर्स यांच्या अभ्यासात हे पुढे आले.

निवडक आकलनाचे स्पष्टीकरण येथे अपुरे पडते. आर्चीच्या चाहत्यांना कदाचित उपहास कळलाच नसेल. भागवंतीचे सोसणे मात्र सर्वांना नीट कळत होते. सून म्हणून नांदताना ज्या सोशिकपणाची शाबासकी मिळत आली, तोच पडद्यावर दोष म्हणून मांडला गेला होता. पात्राचे मोजमाप प्रेक्षक घरातल्या मापाने करतो, हे मत अधिक ग्राह्य वाटते. पात्र दीर्घकाळ पुन्हा पुन्हा घरात येत राहिल्याने वाढणाऱ्या जवळिकीचाही यात भाग असावा.

अलीकडच्या मालिकांत याची उलट बाजूही दिसते. ‘ब्रेकिंग बॅड’मध्ये (२००८–१३) अमली पदार्थ बनवणाऱ्या वॉल्टर व्हाइटपेक्षा त्याला अडवणाऱ्या पत्नीवर, स्कायलरवर, काही प्रेक्षकांचा राग अधिक, तो राग आपल्यापर्यंत पोहोचल्याचे अभिनेत्री ॲना गन यांनी २०१३ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लिहिले. मराठीत ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधील (झी मराठी, २०१६–२१) नायकाची प्रेयसी शनाया लोकप्रिय झाली खरी, पण ती लोकप्रियता बरीचशी तिच्या बावळट नखऱ्यांची असल्याने तिला या परिणामात धरणे कठीण आहे.