लिनक्समधील नेटवर्क ड्रायव्हर मॉड्यूलची पडताळणी

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये नेटवर्क कार्ड चालवणारा ड्रायव्हर बहुधा मॉड्यूलच्या रूपात, म्हणजे कर्नेलपासून (सिस्टिमच्या गाभ्यापासून) वेगळ्या फाइलमध्ये, डिस्कवर असतो आणि गरजेनुसार मेमरीत लोड होतो. तो लोड झाला आहे का आणि त्याने कार्डाचा ताबा घेतला आहे का, हे दोन प्रश्न या पडताळणीत सोडवायचे असतात. नाशिकमध्ये सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींतील एखाद्या कार्यालयात जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स बसवल्यावर नेट चालले नाही, तर ‘ड्रायव्हर घेतला नाही’ एवढे म्हणून विषय संपतो. प्रत्यक्षात त्या तीन शब्दांत निरनिराळे दोष दडलेले असू शकतात.

संगणक सुरू होताना कर्नेल प्रत्येक उपकरणाचे ओळखक्रमांक वाचते आणि यूडेव्ह ही सेवा त्यांच्याशी जुळणारे मॉड्यूल लोड करवते. मॉड्यूलच्या फाइली कर्नेलच्या आवृत्तीनुसार वेगळ्या डिरेक्टरीत असल्यामुळे, बाहेरून आणून बसवलेला ड्रायव्हर कर्नेल अद्ययावत झाल्यावर सापडेनासा होणे ही नेहमीची बाब आहे.

पडताळणीची प्रचलित आज्ञा ‘एलएसमॉड’ ही आहे. ती लोड झालेल्या मॉड्यूलांची नावे, त्यांचा आकार आणि वापरसंख्या, म्हणजे मॉड्यूल किती ठिकाणी वापरात आहे ते, दाखवते. रिअलटेकच्या अनेक गिगाबिट कार्डांसाठी तिथे ‘आर८१६९’, तर इंटेलच्या अनेक कार्डांसाठी ‘ई१०००ई’ हे नाव दिसते. या यादीवर अनेकांचा गरजेपेक्षा जास्त विश्वास असतो. कर्नेलमध्येच अंतर्भूत केलेला ड्रायव्हर तिच्यात येतच नाही; उलट, नाव दिसले तरी कार्ड त्या ड्रायव्हरशी जोडले गेलेच असेल असे नाही. वापरसंख्या शून्य दिसली म्हणून ड्रायव्हर निकामी ठरवणे हीदेखील चूकच, कारण इंटरफेस, म्हणजे कार्डामुळे सिस्टिममध्ये दिसणारी नेटवर्क जोडणी, सुरळीत चालू असतानाही नेटवर्क ड्रायव्हरच्या नावापुढे शून्य असू शकते.

म्हणून ‘एलएसपीसीआय’ आज्ञा ‘के’ या पर्यायासह चालवणे अधिक निर्णायक ठरते. तिच्यात कार्डाच्या नावाखाली, सध्या वापरात असलेला ड्रायव्हर आणि त्या कार्डाला चालू शकणारी मॉड्यूले अशा दोन वेगळ्या ओळी येतात. पहिली नसून दुसरीच असेल, तर मॉड्यूल उपलब्ध असूनही कार्डाशी जोडले गेलेले नाही. यूएसबी डोंगल या यादीत दिसत नाही. त्यासाठी ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा ‘टी’ या पर्यायासह वापरावी लागते.

कारण शोधण्यासाठी ‘डीमेसेज’ या आज्ञेने कर्नेलचे संदेश वाचतात. वाय-फाय कार्डांत फर्मवेअरची, म्हणजे कार्डाच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरची, फाइल नसल्याची तक्रार तिथे वारंवार आढळते. अशा वेळी मॉड्यूल लोड होते, पण इंटरफेस तयार होत नाही. मॉड्यूल काळ्या यादीत टाकलेले असल्यास ते आपोआप लोड होत नाही, तर सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त स्वाक्षरी केलेले सॉफ्टवेअर चालू देणारी सुरक्षा) चालू असताना डिजिटल स्वाक्षरी नसलेले मॉड्यूल लिनक्सच्या बहुतेक वितरणांत (तयार आवृत्त्यांत) कर्नेलच नाकारते. ‘मॉडप्रोब’ने ते हाताने लोड करून पाहिले, की नकाराचे कारण बहुधा तिथल्या तिथे किंवा ‘डीमेसेज’च्या शेवटच्या ओळींत मिळते.