महापालिका शाळेत गणित-विज्ञान शिक्षक: अर्ज कुठे अडकतो

दिघा, तुर्भे स्टोअर्स, कळवा, मुंब्रा, दिवा. गणित-विज्ञानाचा शिक्षक सगळ्यात जास्त हवा असतो तो ठाणे-नवी मुंबईतल्या अशा वस्त्यांमधल्या पालिका शाळांना. सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणिताचा किमान एक शिक्षक हवाच, असं शिक्षण हक्क कायदाही सांगतो. तरी पात्र उमेदवार कागदांवर बाद होतात, आणि बहुतेक वेळा कारण एकच असतं: तुमचा विषय गणित-विज्ञान आहे हे तुमचे कागद एका सुरात सांगत नाहीत.

आधी थोडक्यात. कायम पदाची भरती राज्य सरकारच्या पवित्र पोर्टलवरून होते. त्यासाठी परीक्षा परिषदेची अभियोग्यता चाचणी म्हणजे टेट (200 प्रश्न, 120 मिनिटं) दिलेली हवी. तिला उत्तीर्ण-अनुत्तीर्ण नसतं, गुणांवर क्रम लागतो. पालिकांच्या पदांना मुलाखत नाही. सहावी ते आठवीसाठी पदवी, डीएड किंवा बीएड, शिवाय टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा; वरच्या टेटपेक्षा वेगळी) किंवा केंद्राच्या सीटीईटीचा दुसरा पेपर. नववी-दहावीसाठी पदवी आणि बीएड, तिथे टीईटीची अट नाही. निवड झाल्यावर पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधन मिळतं: सहावी ते आठवीला 16,000, नववी-दहावीला 18,000 रुपये. या पैशांत ऐरोलीत भाड्याने राहून घर चालवणं अवघड आहे. तो हिशेब अर्ज करण्याआधी करा, रुजू होताना नको.

आता विषयाचा घोळ. मुंबई विद्यापीठाच्या पारंपरिक बीएस्सीत पहिल्या वर्षी तीन विषय, दुसऱ्या वर्षी दोन आणि तिसऱ्या वर्षी एक अशी रचना असायची. त्यामुळे पदवी प्रमाणपत्रावर फक्त शेवटचा विषय, समजा ‘रसायनशास्त्र’, दिसतो. गणित किंवा भौतिकशास्त्र शिकल्याचा पुरावा असतो तो पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या गुणपत्रिकांवर. उमेदवार पडताळणीला शेवटच्या सत्राची गुणपत्रिका आणि पदवी घेऊन येतात, समोरचा कर्मचारी मान हलवतो, आणि त्याचं चूक म्हणता येत नाही. सहाही सत्रांच्या गुणपत्रिका ठेवा. हरवल्या असतील तर दुय्यम प्रतीचा अर्ज आजच टाका, जाहिरातीनंतर तेवढा वेळ मिळत नाही. दुसरा कागद टीईटीचा: दुसऱ्या पेपरचा अर्ज भरताना गणित-विज्ञान गट निवडावा लागतो. सामाजिक शास्त्र सोपं जाईल म्हणून तो गट घेणारे बीएस्सीवाले दरवेळी भेटतात. प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं हे खरं, पण ते त्याच गटाचं. तिसरा बीएडच्या अध्यापन पद्धतीचा, म्हणजे जो विषय शिकवायला तुम्ही तिथे शिकता त्याचा. प्रवेशाच्या वेळी गणित आणि विज्ञान सोडून सोयीची पद्धती घेतली असेल, तर नववी-दहावीच्या पदाला प्रश्न विचारला जाणारच. अभियंत्यांनाही बीएडला येता येतं, पण पदवीला 55 टक्के हवेत. बीएडच्या आंतरवासितेसाठी (शाळेत राहून शिकवण्याच्या सरावासाठी) शाळा निवडता येत असेल तर पालिकेची शाळा घ्या. अपूर्णांकही पक्के नसलेल्या सातवीच्या वर्गाला बीजगणित कसं शिकवायचं, हे तिथेच कळतं.

टक्केवारीचंही असंच. गुणपत्रिकेवर श्रेणी असते, अर्जात टक्के मागतात. इंटरनेटवरून सूत्र शोधून आकडा टाकू नका. श्रेणीचे टक्के करून देणारं विद्यापीठाचं पत्र कलिन्याच्या परीक्षा भवनातून घ्या आणि त्यावरचाच आकडा भरा.

मुदतीबाबत सगळ्यात जास्त फसतात ते शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी. 2025 च्या टेटला त्यांनाही बसता आलं, पण बीएड-डीएड उत्तीर्ण झाल्याची माहिती ठरलेल्या मुदतीत कळवायची होती. ज्यांनी कळवली नाही त्यांचे निकाल राखून ठेवले गेले. चाचणी दिली म्हणजे काम झालं, असं धरून ते बसले होते. सूचनापत्रातली तारखांची पानं छापून घ्या.

राखीव प्रवर्गातल्यांनी हे नीट वाचावं. जातीचा दाखला तुम्ही आज जिथे राहता तिथून मिळेलच असं नाही. अनुसूचित जाती-जमातींसाठी 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 1961 आणि ओबीसींसाठी 1967 ही वर्षं धरतात. तेव्हा कुटुंब जिथे राहत होतं तिथल्या कार्यालयातून दाखला निघतो. मूळ गाव साताऱ्याकडचं असेल तर घणसोलीत पाच वर्षं राहूनही ठाण्याचं कार्यालय तुम्हाला परतच पाठवणार. जात वैधताही त्याच जिल्ह्याच्या समितीकडून घ्यावी लागते. नॉन-क्रीमीलेयरवर ‘31 मार्चपर्यंत वैध’ असं लिहिलेलं असतं, ते साल पाहा. जुना दाखला जोडल्यामुळे किती अर्ज वाया जातात!

लग्नानंतर नाव बदललेल्या बाईंनी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची प्रत तयार ठेवावी. नोटरीच्या प्रतिज्ञापत्रावर भिस्त ठेवू नका.

पोर्टलवर दोन गोष्टी लॉक कराव्या लागतात: आधी स्वप्रमाणपत्र (तुम्ही स्वतः भरलेली तुमची माहिती), मग प्राधान्यक्रम (कोणत्या जागा आधी हव्यात ते). प्राधान्यक्रम भरून लॉक न केल्यास ते ग्राह्यच धरत नाहीत. खारघर-कामोठे हा भाग रायगड जिल्ह्यात, पनवेल महापालिकेत येतो. नवी मुंबई महापालिकेची पदं दिघा ते बेलापूर या पट्ट्यातली. जागा दिसत नाहीत म्हणून पालिकेत चकरा मारण्यातही फारसा अर्थ नाही. बिंदुनामावली (कोणतं पद कोणत्या प्रवर्गाला, याचा तक्ता) आधी कोकण भवनातल्या मागासवर्ग कक्षाकडून तपासून यावी लागते, त्याशिवाय जाहिरात पोर्टलवर चढत नाही. तिथे फाईल किती दिवस पडून राहते, याचा जाब कोणी कोणाला विचारत नाही.

ठोक मानधनाच्या किंवा तासिकेच्या जागा वेगळ्या. त्यांची जाहिरात पालिका स्वतः काढते आणि अर्ज बहुधा कागदी असतो. ‘अमुक तारखेला सायंकाळी 5 पर्यंत पोहोचेल असा’ याचा अर्थ त्या वेळेआधी आवक कक्षात पोहोचलेला. पोस्टात टाकल्याची तारीख धरत नाहीत. स्वतः नेऊन द्या आणि झेरॉक्सवर आवक क्रमांकासह शिक्का मारून घ्या.