पित्त, एदे उरी आणि पोटातलं ॲसिड: हा आजार कळायला एवढी वर्षं का लागली

बेळगाव, खानापूर, निपाणी कुठंही जावा, छातीत जळजळलं, आंबट पाणी घशाशी आलं की मराठी माणूस म्हणतो पित्त झालं आणि शेजारचा कन्नड माणूस म्हणतो एदे उरी, म्हणजे छातीची आग. मला कन्नड शब्द जास्त बरोबर वाटतो, तो काय होतंय तेवढंच सांगतो, आपला शब्द कारण पण ठरवून मोकळा होतो. अम्लपित्त तसं जुनंच, माधवनिदानात त्याचं वेगळं प्रकरण आहे, पण आज आपण अंगावर गांधी उठल्या तरी पित्त म्हणतो, डोकं दुखलं तरी पित्त, आणि ॲसिड वर आलं तरी पित्तच, त्यामुळं पोटात ॲसिड जास्त झालंय असा समज घट्ट बसलाय. खरं तर बहुतेक पेशंटांत ॲसिड नेहमीएवढंच असतं, फक्त नको तिथं जातं.

हे कळायला डॉक्टर लोकांना पण वेळ लागला. 1935 साली न्यूयॉर्कच्या ॲशर विंकेलस्टीन यांनी अन्ननलिकेची सूज जठरातल्या ॲसिडमुळं येत असावी असं मांडलं. मग 1951 ला ब्रिटिश सर्जन फिलिप ॲलिसन यांनी बोट ठेवलं हर्नियावर, म्हणजे जठराचा वरचा भाग छातीत सरकतो म्हणून हे होतं, आणि पुढची कितीतरी वर्षं हर्निया आणि रिफ्लक्स, म्हणजे ॲसिड उलटं वर येणं, एकच असं धरून चाललं. पण हर्निया असून काहीच त्रास नाही अशी माणसं भेटतातच की. 1971 च्या सुमारास लक्ष वळलं अन्ननलिका आणि जठराच्या मधल्या झडपेकडं, आणि 1982 ला डॉड्स, डेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की ही झडप कायम ढिली असतेच असं नाही, काही गिळलं नसताना पण ती अधूनमधून आपोआप उघडते. पोट फुगलं की गॅस ढेकरेतून सुटावा म्हणून शरीरानंच केलेली ही सोय, सगळ्यांनाच असते, फक्त काहींच्यात गॅसबरोबर ॲसिड पण वर येतं. बिडी-सिगरेटनं ही झडप ढिली पडते, हे निपाणीसारख्या तंबाखूच्या गावात तरी मोठ्यानं सांगायला पाहिजे.

ॲसिड अन्ननलिकेला वरून भाजतं हे तरी पक्कं होतं, पण 2016 ला डॅलसच्या संशोधकांनी 12 पेशंटांच्या ॲसिड कमी करायच्या गोळ्या थांबवून तपासलं तर सूज आतल्या थरातून, शरीराच्याच पांढऱ्या पेशींमुळं सुरू होताना दिसली. बारा माणसं म्हणजे थोडीच, तरी ॲसिड भाजतं की शरीराच्याच पेशी, हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो.

निदानाची गोष्ट तर माझ्या घरातलीच. 1988 ला ओमेप्राझोल, म्हणजे ॲसिड कमी करायची गोळी, बाजारात आलं आणि हळूहळू गोळीनं बरं वाटलं म्हणजे रिफ्लक्स असं सोपं गणित रूढ झालं. आमच्या खानापूरच्या आत्तीला सहा वर्षं अशाच गोळ्या दिल्या, बरं नाही वाटलं की डोस डबल, एंडोस्कोपी नॉर्मल आली तेव्हा एका डॉक्टरनं मनाचं आहे म्हणून सांगितलं, त्या दिवशी ती रडली होती. एंडोस्कोपी नॉर्मल येणं तर या त्रासात नेहमीचंच. मोजायची पद्धत 1974 पासून आहे, जॉन्सन आणि डिमीस्टर यांची, नाकातून बारीक नळी घालून 24 तास ॲसिड किती वेळ वर राहतं ते बघायचं, आता नळीऐवजी कॅप्सूल चिकटवून पण करतात. 2018 च्या लिऑन सहमतीनं, म्हणजे तज्ज्ञांनी मिळून, आकडे ठरवले, ॲसिड वर राहायचा वेळ 6 टक्क्यांच्या वर म्हणजे दिवसात साधारण 86 मिनिटांपेक्षा जास्त असलं तर रिफ्लक्स नक्की, 4 टक्क्यांच्या आत असलं तर नॉर्मल, मधलं असलं तर अजून पुरावा बघायचा.

आत्तीची गोळी आठवडाभर बंद ठेवून ही तपासणी केली, ॲसिड नॉर्मल निघालं, अन्ननलिकेच्या नसाच हळव्या झालेल्या. मग ॲसिडची गोळी बंद करून नसांचं औषध अगदी कमी डोसमध्ये चालू केलं, आणि मनाचं आहे हे वाक्य घरात परत कुणी काढलं नाही.