थंड दुधाने बाळाला सर्दी होते का?
"बाटलीचं दूध गरमच द्या, नाहीतर सर्दी होते, म्हणून वॉर्मर हवाच" हा मेसेज आपल्या इंदूरातल्या फॅमिली ग्रुपांवर फिरत असतो, काळजीपोटीच. पण सर्दी व्हायरसने होते, दुधाच्या थंडपणाने नाही, आणि पूर्ण दिवसांच्या तब्येतीने ठीक बाळाला रूम टेंपरेचरचं दूधही चालतं, गरम फक्त आवडीचा भाग. देऊन बघा ना, बाळ नीट प्यायलं, दिवसाला 6 तरी लंगोट ओले झाले की दूध पुरतंय.

पावडरचं दूध मात्र वेगळं हं, ते 70 अंशांच्या पाण्यात कालवून मग कोमट करायचं, कारण पावडरीत जंतू असू शकतात. गरम करायचंच तर गरम पाण्याच्या वाटीत बाटली ठेवा, मायक्रोवेव्ह नको, त्यात दूध मधेच कुठेतरी चटका बसेल इतकं तापतं, आणि थेंब मनगटावर टाकून बघा. वॉर्मरपेक्षा बाटल्या नीट उकळणं जास्त महत्त्वाचं, आणि मे महिन्यात इथे 40 च्या वर पारा असताना दूध बाहेर ठेवूच नका, लगेच फ्रिजमध्ये.